मैत्रिणी येणार आहेत, समुद्रकाठी कुठे नेऊ?

इटलीतील वास्तव्याविषयी येणाऱ्या पत्रांमध्ये उन्हाळ्याच्या तोंडावर एक प्रश्न हटकून असतो : भारतातून जवळची माणसे येणार आहेत, हाताशी एकच दिवस आहे, तो समुद्रकाठच्या एखाद्या गावात कसा घालवावा? या वेळी अशीच चार पत्रे निवडली आहेत. मी गेली चौदा वर्षे जेनोआ शहरात राहते आणि पाहुण्यांना घेऊन वर्षातून चार-पाच वेळा तरी या किनाऱ्यावर जाते. त्यामुळे उत्तरे लिगुरिया प्रांतापुरती, त्यातही मुख्यत्वे कामोल्यी या गावापुरती दिली आहेत.

प्रश्न : ताई, माझ्या पतींच्या नोकरीमुळे दोन वर्षांपूर्वी आम्ही जेनोआला राहायला आलो. महाविद्यालयातील माझ्या तीन मैत्रिणी मे महिन्यात पाच दिवसांसाठी आमच्याकडे येत आहेत आणि त्यांतील एक दिवस समुद्रकाठी काढायचे ठरले आहे. त्यांनी पाठवलेल्या यादीत चिंक्वे तेर्रेची पाचही गावे आणि शिवाय पोर्तोफिनो आहे. एकीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया गेल्या वर्षी झाली आहे, दुसरी अंडेही खात नाही. मी स्वतः या भागात फारशी फिरलेली नाही. दिवस कसा आखावा?
— एक वाचक, जेनोआ

उत्तर : सहा गावांची यादी बाजूला ठेवा आणि एकच गाव निवडा, असे मी तुम्हाला अगदी कळकळीने सांगते. त्यामागे माझा स्वतःचा अनुभव आहे. सात वर्षांपूर्वी नाशिकहून माझ्या दोन मैत्रिणी आल्या होत्या आणि मी हौसेने त्यांना एका दिवसात मोन्तेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्नील्या, मानारोला आणि रिओमाज्जोरे अशी पाचही गावे दाखवायला निघाले. दोन गावांमधले अंतर रेल्वेने चार-पाच मिनिटांचेच आहे, म्हणून कागदावर ही सहल अगदी सोपी दिसते. प्रत्यक्षात त्या दिवसाचा मोठा भाग फलाटांवरच्या गर्दीत गेला. कोर्नील्या हे गाव टेकडीच्या माथ्यावर आहे आणि स्थानकापासून तेथे चढून जाण्यासाठी पावणेचारशेहून अधिक पायऱ्या आहेत. त्या चढताना एकीला इतकी धाप लागली की पुढची दोन गावे तिने केवळ माझ्या शब्दाखातर पाहिली. परतीच्या गाडीत, उभ्या उभ्या, स्थानक यायला दहा मिनिटे राहिली असताना तिने मला सांगितले की तिच्या आईला आता तिची ओळख पटत नाही. हे सांगण्यासाठी ती सकाळपासून निवांत जागा शोधत होती आणि मी तिला ती मिळू दिली नव्हती. दिवस आखताना मी ती संध्याकाळ विसरत नाही.

तुमच्यासाठी मी कामोल्यी हे गाव सुचवते. जेनोआच्या पूर्वेला, ला स्पेत्सिआकडे जाणाऱ्या लोहमार्गावर ते आहे आणि ब्रिन्योले स्थानकावरून प्रादेशिक गाडीने साधारण पाऊण तासाच्या आत तेथे पोहोचता येते. जाताना उजव्या हाताची खिडकी धरा, कारण समुद्र त्या बाजूला आहे. बोगद्यांमधून मधूनमधून तो अचानक समोर येतो आणि मैत्रिणी बोलता बोलता थांबतात. छापील तिकीट असेल तर ते गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरील यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवून घ्यावा लागतो. नव्या माणसाकडून हे हमखास राहते आणि दंड भरावा लागतो. मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मात्र जाऊ नका. त्या दिवशी तेथे मासळीचा उत्सव असतो. तो 1952 पासून भरतो आणि सुमारे चार मीटर व्यासाच्या कढईत मासे तळून लोकांना वाटतात. उत्सव पाहण्यासारखा आहे यात शंका नाही, पण त्या गर्दीत दुखऱ्या गुडघ्याने उभे राहणे आणि शाकाहारी मैत्रिणीने तळणीच्या वासात दिवस काढणे, दोन्ही त्रासाचे होईल. आठवड्यातला मधला वार निवडा.

स्थानक गावाच्या वरच्या अंगाला आहे आणि समुद्रकाठचा रस्ता खाली, त्यामुळे मध्ये पायऱ्या आहेत. गुडघ्याच्या मैत्रिणीसाठी हा उतार सकाळी ताजेतवाने असताना एकदाच होईल आणि संध्याकाळी एकदाच चढावे लागेल, अशी आखणी करा. खाली आलात की पहिले काम बेकरीत जाण्याचे. येथील फोकाच्चा हा जाडसर, मऊ, ऑलिव्ह तेलाने माखलेला पाव असतो. तो भाजण्याआधी पिठाच्या थरावर बोटांनी खळगे पाडतात आणि त्यांत पाणी, मीठ व तेल यांचे मिश्रण ओततात. भाजल्यावर कडा कुरकुरीत होतात आणि खळग्यांत खारट ओल टिकून राहते. दुकानदार सुरीचे पाते पावावर टेकवून तुमच्याकडे पाहतो, तुम्ही हाताने थोडे इकडे, थोडे तिकडे असे दाखवायचे, मग तो कापून, तोलून, कागदात गुंडाळून देतो. दुकानाबाहेर येईपर्यंत कागदावर तेलाचा डाग पसरलेला असतो. येथील माणसे हा खारा पाव सकाळच्या कापुचिनोत बुडवून खातात. मैत्रिणींना आधी नवल वाटेल, पण आपणही चहात खारी बुडवतोच, तेव्हा त्यांना तो आवडेल याची मला खात्री आहे. शाकाहारी मैत्रिणीसाठी साधा फोकाच्चाच घ्या आणि वर अँकोवी मासा नाही ना, एवढे पाहून घ्या.

न्याहारीनंतर घाटावरून सान फ्रुत्तुओझोची होडी धरा. अर्ध्या तासाचा हा प्रवास आहे आणि वाटेत पुंता क्याप्पा येथे ती थांबते. पोर्तोफिनो ज्या डोंगराच्या पलीकडच्या अंगाला आहे, त्याच डोंगराच्या कुशीतील एका लहानशा खाडीत सान फ्रुत्तुओझोचा मठ आहे. तेथे मोटारीचा रस्ता पोहोचत नाही. पायवाटेने डोंगर ओलांडून जावे, नाही तर समुद्रातून. म्हणूनच ज्यांना चालवत नाही त्यांनाही ही जागा पूर्ण पाहता येते, हा होडीचा मोठा फायदा. मठाची सुरुवात दहाव्या शतकातली आणि तेथे बेनेडिक्टिन पंथाचे भिक्षू राहत. पुढे जेनोआच्या बलाढ्य दोरिया घराण्याने त्याला आश्रय दिला आणि आपल्या कुळातील माणसांची थडगी तेथेच बांधली. पांढऱ्या संगमरवराचे आणि करड्या दगडाचे एकाआड एक पट्टे असलेली ती थडगी तळघरासारख्या गार दालनात आहेत. 1915 मध्ये डोंगरावरून आलेल्या लोंढ्याने चर्चचा काही भाग पाडला. मठासमोर आज जो पुळणीचा तुकडा दिसतो, तो त्या लोंढ्याबरोबर आलेल्या दगडमातीचा आहे. 1983 मध्ये त्या घराण्याच्या वारसांनी ही वास्तू इटलीतील वारसा जपणाऱ्या फाई या संस्थेच्या स्वाधीन केली.

याच खाडीत, सुमारे सतरा मीटर खोल पाण्यात, दोन्ही हात वर उचललेला येशूचा ब्राँझचा पुतळा उभा आहे. 1947 मध्ये या पाण्यात दारिओ गोन्झात्ती या पाणबुड्याचा मृत्यू झाला. त्याच्या स्मरणार्थ शिल्पकार ग्विदो गाल्लेत्ती यांनी घडवलेला हा पुतळा 1954 मध्ये समुद्रतळावर बसवण्यात आला. पाण्यात उतरल्याखेरीज तो दिसत नाही, पण मठाच्या चर्चमध्ये त्याची प्रतिकृती आहे. घाटावर उतरल्या उतरल्या परतीच्या शेवटच्या होडीची वेळ विचारून ठेवा. तुम्हाला ती लागणार नाही, कारण एक वाजेपर्यंत कामोल्यीत परतायचे आहे, पण वेळ माहीत असली की मन स्थिर राहते.

एक वाजताची ही घाई जेवणासाठी आहे. या गावांतील स्वयंपाकघरे अडीचच्या सुमारास बंद होतात आणि मग साडेसातपर्यंत गरम जेवण मिळणे कठीण. आपल्याकडे पाहुणा तीन वाजता आला तरी ताट वाढले जाते, त्यामुळे ही गोष्ट आपल्या माणसांच्या अंगवळणी पडत नाही. आदल्या दिवशी फोन करून चौघींची जागा राखून ठेवा आणि तेव्हाच अंड्याचेही सांगा. नुसते शाकाहारी म्हटले तर मासा चालत असावा असा समज होऊ शकतो. म्हणून ‘सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे, सेन्त्सा उओवा’, म्हणजे मांस नको, मासा नको, अंडी नकोत, असे तिन्ही स्पष्ट सांगावे.

तुमच्या मैत्रिणीसाठी सर्वांत चांगला पदार्थ त्रोफिए हा आहे आणि तो याच पट्ट्यातला आहे. मैदा आणि पाणी एवढ्याचाच तो पास्ता. पिठाची बोटाच्या पेराएवढी गोळी तळहाताखाली वळून तिला पीळ देतात. त्यावर पेस्तो घालतात आणि बरोबर उकडलेला बटाटा व फरसबी असते. पेस्तोतील हिरवा पाला म्हणजे आपल्याकडे ज्याचे बी सब्जा म्हणून सरबतात घालतात, त्याच वनस्पतीची येथील जात आहे. जेनोआच्या पश्चिमेकडील प्रा या भागातील पाला त्यासाठी विशेष नावाजलेला. पाला, लसूण, चिलगोज्यासारखे पाइनचे बी, मीठ, चीज आणि ऑलिव्ह तेल खलात घोटून तो करतात आणि विस्तवावर ठेवत नाहीत. येथे एक गोष्ट मैत्रिणीला आधीच सांगायला हवी. पेस्तोत पार्मिजानो असते आणि ते चीज नियमाप्रमाणे वासराच्या जठरातील विरजणानेच बनवले जाते. अनेक शाकाहारी माणसांना हे चालते, अनेकांना चालत नाही. निर्णय तिचा आहे. तो तिला माहितीनिशी घेता यावा, एवढेच आपले काम. चीज नको असेल तर चण्याच्या पिठाचा फारिनाता मिळतो का ते विचारा. पीठ, पाणी, तेल आणि मीठ यांचे पातळ मिश्रण मोठ्या तांब्याच्या परातीत ओतून भट्टीत भाजतात, वरून खरपूस आणि आत लुसलुशीत. पिठल्यावर वाढलेल्या माणसाला तो परका वाटत नाही. शेजारच्या रेक्को गावचा चीज भरलेला पातळ फोकाच्चा अंड्याविना असतो, पण हिरव्या पालेभाज्यांचे सारण भरलेले पान्सोती आणि पास्क्वालिना नावाची पालेभाजीची चपटी कचोरीवजा पेटी, या दोहोंत अंडे असते. रम भरलेली आणि चॉकलेटात बुडवलेली कामोल्येझी ही गावची प्रसिद्ध मिठाईही तिच्यासाठी नाही, उरलेल्या तिघींनी जरूर खावी.

दुपारी तीन ते सहा या वेळात काहीही ठरवू नका. दुपारी काही वेळ बरीचशी दुकाने बंद असतात आणि गावातील माणसे घरात असतात. किनारा वाळूचा नाही, गोट्यांचा आहे. बसायला जाड सतरंजी किंवा घडीची चटई न्यावी आणि पाण्यात उतरायचे तर रबरी चपला हव्यात, नाही तर गुडघ्याच्या मैत्रिणीचा पाय मुरगळेल. ज्यांना चालण्याची हौस आहे त्यांना पायऱ्यांच्या वाटेने सान रोक्कोच्या चर्चपर्यंत पाऊण तासात जाता येते आणि तेथून अख्खी खाडी खाली दिसते, पण चौघींपैकी एक खाली एकटी राहणार असेल तर मी ती चढण टाळेन. गोट्यांवर लाट येऊन मागे सरते तेव्हा खडखडत जाणारा आवाज होतो. तो ऐकत चौघी बसलात की बोलणे आपोआप सुरू होईल. माझ्या नाशिकच्या मैत्रिणी तीन वर्षांनी पुन्हा आल्या तेव्हा आम्ही येथेच बसलो. जिच्या आईविषयी वर लिहिले, ती त्या दुपारी दोन तास बोलत होती आणि मध्येच हसलीही.

मे महिन्यात सूर्य साडेआठनंतर मावळतो. कामोल्यीचे तोंड पश्चिमेकडे असल्यामुळे सूर्यास्त किनाऱ्यावर बसूनच पाहता येतो, पूर्व किनाऱ्याच्या गावांत असे सुख सर्वत्र नाही. त्यानंतरची गाडी कोणती ते सकाळीच लिहून ठेवा.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी जूनमध्ये इटलीत जात आहोत. माझा बालमित्र तेथे वीस वर्षे आहे आणि आमच्यासाठी सुटी काढून तो आम्हाला लिगुरियातील एका गावात दिवसभर नेणार आहे. त्याच्यासाठी येथून काय न्यावे? आणि खर्चाचे कसे करावे? तो पैसे घेणार नाही हे मला माहीत आहे.
— एक वाचक, नागपूर

उत्तर : आधी काय नेऊ नये ते सांगते, कारण त्यातच लोकांचा हिरमोड होतो. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना मांसाचे आणि दुधाचे पदार्थ सामानात आणता येत नाहीत. म्हणजे घरचे तूप, पेढे, खव्याची बर्फी, सारे विमानतळावर काढून घेतले जाऊ शकते. ताज्या फळांनाही वनस्पती-आरोग्याचे प्रमाणपत्र लागते. अननस, केळी, नारळ, खजूर आणि ड्युरियन एवढीच पाच फळे त्यातून वगळली आहेत. मित्रासाठी संत्री न्यायचे मनात असेल तर ते सोडून द्यावे लागेल. हापूसच्या पेटीचेही तेच, आणि ते मला स्वतःला दर वर्षी जड जाते. त्याऐवजी गोडा मसाला, थालीपिठाची भाजणी, आमसुले, मेतकूट न्या. वीस वर्षे परगावी राहिलेल्या माणसाला भाजणीचा वास काय असतो हे मी शब्दांत सांगू शकणार नाही. माझ्या आईने पाठवलेली पिशवी मी आजही लगेच फोडत नाही, आधी दोन दिवस ओट्यावर तशीच राहू देते.

खर्चाविषयी. इटलीतील उपाहारगृहात बिलावर माणशी काही रक्कम ‘कोपेर्तो’ म्हणून लावलेली असते. ती टेबलाची आणि पावाची असते, चुकून लागलेली नसते, तेव्हा त्यावरून वाद घालू नये. मित्रमंडळींनी समान वाटून पैसे देण्याला येथे ‘आल्ला रोमाना’ म्हणतात, पण बालमित्र पाहुण्याकडून तसे घेणार नाही आणि बिलाची ओढाताण त्याच्या ओळखीच्या दुकानदारासमोर झाली तर त्याला अवघडेल. त्यापेक्षा दिवसातील एक गोष्ट सकाळीच आपल्याकडे मागून घ्या : ‘होडीची तिकिटे माझी’, असे घाटावर पोहोचण्याआधीच सांगा आणि पुढे होऊन ती काढा. मला माझ्या पाहुण्यांनी असे केलेले आवडते, कारण त्यात मान राखलेला असतो.

आणखी एक गोष्ट यजमानाच्या बाजूने सांगते. तो तुम्हाला जे गाव दाखवेल ते त्याने तीसदा पाहिलेले असेल. त्याला नवे काही पाहायचे नाही, त्याला तुम्ही हवे आहात. नागपुरातील कोणते घर पाडले, कोणत्या शिक्षकांची प्रकृती कशी आहे, शाळेसमोरचा तो कोपरा आता कसा दिसतो, हे त्याला विचारावेसे वाटत असते. येथे येण्यापूर्वी जुन्या गल्लीत एक फेरी मारून या आणि त्याच्या घरासमोरचे एक छायाचित्र काढून आणा.

प्रश्न : माझी मुलगी जेनोआजवळ नोकरी करते आणि तिच्या मैत्रिणींसह मला समुद्रकाठचे एक गाव दाखवायला नेणार म्हणते. आमचा जन्म वेंगुर्ल्याचा. समुद्र, होड्या, जाळी, डोंगर हे सारे उंबऱ्याशीच आहे. एवढे पैसे खर्चून दुसऱ्याच्या किनाऱ्यावर वेगळे काय पाहायचे, हा माझा प्रामाणिक प्रश्न आहे.
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : तुमचा प्रश्न मला सर्वांत आवडला, कारण कामोल्यी पाहण्यासाठी तुमच्याइतका जाणता पाहुणा मिळणे कठीण आहे. मुलीला सांगा की पुंता क्याप्पाकडे जाताना समुद्रात पसरलेले ‘तोन्नारेल्ला’ दाखव. किनाऱ्याजवळ एकाच जागी मांडून ठेवलेले हे मोठे सापळा-जाळे आहे. किनाऱ्यालगत जाणारा मासा आडव्या जाळ्याला अडतो, त्याच्या कडेकडेने खोल पाण्याकडे वळतो आणि शेवटच्या खणात शिरतो, मग होडीतील माणसे तो खण हातांनी ओढून वर घेतात. एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत ते मांडलेले असते. आता मुद्द्याची गोष्ट : हे जाळे परंपरेने काथ्याचे विणतात, नारळाच्या काथ्याचे. ज्या किनाऱ्यावर नारळाचे एक झाड वाढत नाही, तेथील कोळी दर वर्षी काथ्याच्या दोऱ्यांना गाठी मारत बसतात, कारण हा धागा खाऱ्या पाण्यात टिकतो आणि त्याचा खरखरीतपणा त्यांच्या कामाचा असतो. सोडणे भिजवून, कुटून काथ्या काढणारी माणसे तुम्ही लहानपणापासून पाहिली आहेत. ते जाळे हातात घेतलेत तर त्याचा पीळ कसा आहे हे तुम्हाला मुलीपेक्षा, माझ्यापेक्षा आणि त्या घाटावरील बहुतेक पर्यटकांपेक्षा अधिक कळेल. आपल्याकडची रापण ओढताना पुळणीवर सारा गाव जमतो, तेथे होडीत मोजकी माणसे असतात, एवढा फरक.

घरेही नीट पाहा. समुद्रासमोर सहा-सहा, सात-सात मजल्यांची उंच घरे खांद्याला खांदा लावून उभी आहेत, पिवळी, केशरी, गेरूच्या रंगाची. घरांच्या दर्शनी भिंतींवरील दगडी चौकटी, कोरीव पट्ट्या, काही ठिकाणी तर खिडक्याच्या खिडक्या केवळ रंगवलेल्या आहेत. माझ्या ठाण्याच्या मैत्रिणीने एका दाराशेजारच्या दगडी पट्टीची धार पाहण्यासाठी बोट फिरवले, तर भिंत सपाट होती. सावलीची रेघसुद्धा कुंचल्याने काढलेली होती, तीही सकाळचे ऊन जिकडून येते तो विचार करून. खलाशांना दूरवरून आपले घर ओळखता यावे म्हणून हे रंग दिले, असे गावात सांगतात.

खलाशांचा विषय निघाला म्हणून लिहिते. आज कोळ्यांचे आणि पर्यटकांचे वाटणारे हे गाव एकोणिसाव्या शतकात शिडाच्या जहाजांच्या मालकांचे होते आणि त्याला हजार पांढऱ्या शिडांचे गाव म्हणत. जहाज बुडाले तर नुकसान सर्वांनी वाटून घ्यावे, अशी परस्पर विम्याची पद्धत त्यांनी उभी केली होती. वाफेची जहाजे आली आणि तो व्यवसाय मावळला. 1892 मध्ये ‘इटालिया’ नावाचे जहाज दक्षिण अटलांटिक महासागरातील त्रिस्तान दा कून्या या एकाकी बेटावर फुटले. त्यावरचे कामोल्यीचे दोन खलाशी, गाएतानो लावारेल्लो आणि आंद्रेआ रेपेत्तो, परत आलेच नाहीत, त्यांनी तेथेच घरे केली. त्या बेटावर आजही लावारेल्लो आणि रेपेत्तो ही आडनावे नांदतात. गावातील सागरी संग्रहालयात जुन्या जहाजांची चित्रे टांगलेली आहेत. कॅमेरे सर्रास नव्हते त्या काळात मालक आपल्या जहाजाचे चित्र काढून घेत.

तुमचे जाणे ऑगस्टमध्ये होणार असेल तर पहिला रविवार गाठा. त्या दिवशी स्तेल्ला मारिस, म्हणजे समुद्रतारका मेरी, हिचा सण असतो. दिवसा होड्यांची मिरवणूक पुंता क्याप्पाच्या वेदीपर्यंत जाते आणि रात्री किनाऱ्यावरून हजारो लहान मेणबत्त्या पाण्यावर सोडतात. नारळी पौर्णिमा साधारण त्याच सुमारास येते. दर्याला नारळ देणाऱ्या माणसाने दर्यावर दिवे सोडणारी माणसे पाहावीत, यासाठी तरी मी तुम्हाला या म्हणेन. जाताना एक सोललेला नारळ बरोबर न्या, वर सांगितल्याप्रमाणे त्याला परवानगी आहे.

प्रश्न : आम्ही सहा जण ऑक्टोबरमध्ये मित्राकडे जाणार आहोत. त्याने एका दिवसासाठी कामोल्यी आणि सान फ्रुत्तुओझो ठरवले आहे. पाऊस आला तर दिवस वाया जाईल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : शरद ऋतूत लिगुरियात जोरदार पाऊस पडतो, त्यामुळे ही शक्यता धरूनच चला. पावसापेक्षा वारा महत्त्वाचा. नैर्ऋत्येकडून ‘लिबेच्चो’ वारा सुटला की समुद्र खवळतो आणि होड्या बंद राहतात. सकाळी निघण्यापूर्वी होडी सुटणार का, एवढे विचारून घ्या. होडी नसेल तर डोंगरावरच्या वाटेने मठ गाठण्याचा हट्ट ओल्या दिवशी धरू नये. दगड निसरडे होतात आणि कड्यावरून जाणाऱ्या वाटेवर काही ठिकाणी साखळ्यांना धरून चालावे लागते. अशा दिवशी खडकावरचे सान्ता मारिया अस्सुन्ताचे चर्च आतून सावकाश पाहा, ते सोनेरी नक्षीने भरलेले आहे. शेजारच्या द्रागोनारा गढीच्या पायथ्याशी लाटा आपटतात, त्या सुरक्षित अंतरावरून पाहा आणि सागरी संग्रहालय उघडे असेल तर तेथे तास काढा. त्यानंतर गरम फारिनाता घेऊन कमानीखाली उभे राहा. सहा जणांना एकत्र बसायला जागा लागते, म्हणून जेवणाचे टेबल मात्र आदल्या दिवशीच सांगून ठेवा. पाऊस असला की सारे गाव आत बसलेले असते.